ग्रेट डेनचे पिल्लू रात्री घरातच लघवी करते. रात्रीची सवय कशी लावावी?

रात्रपाळी

आमच्या घरी ग्रेट डेन जातीचे एक नर पिल्लू आहे. नाव भीम, वय साडेतीन महिने, वजन आताच २० किलोच्या पुढे गेले आहे. दिवसा त्याच्याबद्दल तक्रार करावी असे फारसे काही नाही. झोपेतून उठल्यावर, जेवण झाल्यावर आणि खेळ संपल्यावर आम्ही त्याला खाली नेतो आणि तो तिथे मुकाट्याने सगळे उरकून येतो. अडचण आहे ती रात्रीची. अकराच्या सुमारास शेवटची फेरी होते, मग तो दिवाणखान्यात झोपतो आणि आम्ही आतल्या खोलीत जातो. पहाटे तीनच्या आसपास केव्हातरी तो उठतो, मुख्य दाराजवळच्या पायपुसण्यावर लघवी करतो आणि पुन्हा जागेवर येऊन झोपतो. भुंकत नाही, कुंकूं करत नाही, दार खरवडत नाही. सकाळी पाहावे तर पायपुसणे थबथबलेले असते आणि ओघळ चपलांच्या कपाटाखाली गेलेला असतो. लहान जातीच्या पिल्लाचे फडक्याने पुसून भागते. याचे निस्तरायला बादली लागते.

त्याच्यासाठी आणलेला जाळीचा पिंजरा पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या मापाचा आहे. त्यात त्याला दार लावून ठेवले, तर तो एका बाजूला झोपतो आणि दुसऱ्या बाजूला ओले करतो, त्यामुळे सध्या पिंजऱ्याचे दार उघडेच असते.

नातेवाइकांपैकी काहींचे म्हणणे असे की, एवढ्या दांडग्या कुत्र्याला या वयात रात्रभर लघवी रोखून धरता आलीच पाहिजे आणि आम्हीच त्याला लाडावून ठेवले आहे. काही जण संध्याकाळी सहानंतर पाणी बंद करायला सांगतात. गजर लावून त्याला आपणहून उठवावे की त्याने आपल्याला उठवण्याची वाट पाहावी, यावर घरातही एकमत नाही. शिवाय आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांना जिना चढवू-उतरवू नये असे वाचले आहे, पण आता त्याला उचलून नेणे जड जाऊ लागले आहे. ज्यांनी मोठ्या जातींची पिल्ले वाढवली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मोठी_पावले

आधी वयाचा मुद्दा, कारण बाकीचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. शरीर मोठे म्हणून मूत्राशयावरचा ताबाही लवकर येतो, हा समज निराधार आहे. मूत्राशय मोठे असते हे खरे, पण असे पिल्लू पाणीही त्याच मानाने पिते आणि लघवीही त्याच मानाने तयार होते. त्यातून मोठ्या जाती लहान जातींपेक्षा सावकाश वयात येतात. ग्रेट डेनची वाढ दीड ते दोन वर्षे चालू असते, त्यामुळे आकाराकडे पाहून वयाचा अंदाज बांधणाऱ्यांची नेहमीच फसगत होते. पिल्लू पाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे: वयाच्या महिन्यांत एक मिळवावा, तितके तास पिल्लू जास्तीत जास्त थांबू शकते. हा हिशेब जागेपणीचा आहे. झोपेत लघवी कमी तयार होत असल्याने रात्री थोडी सूट मिळते, पण ती सगळ्याच पिल्लांना सारखी मिळत नाही. तुमच्या भीमचे साडेचार तास होतात, आणि रात्री अकरापासून पहाटे तीनपर्यंत चार तास होतात. म्हणजे तो जे करतो आहे ते त्याच्या वयाला धरूनच आहे, लाडाचा येथे काही संबंध नाही. बहुतेक पिल्ले चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान रात्र काढू लागतात आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला त्याहून थोडा उशीर झाला, तर त्यात वावगे काही नाही.

तुमच्या वर्णनातली मला सर्वांत आशादायक वाटलेली गोष्ट म्हणजे तो दारापर्यंत जातो. पिल्ले तीन आठवड्यांची झाली की आईची जागा सोडून थोडे दूर जाऊन लघवी करू लागतात. झोपायची जागा ओली करायची नाही ही ओढ उपजतच असते. भीम ती पाळतो आहे आणि बाहेर जायचा रस्ता कोणता हेही त्याला कळले आहे. फक्त दार बंद आहे, आजूबाजूला कोणी नाही आणि पायाखाली मऊ, शोषून घेणारे, आधीच्या रात्रीचा वास असलेले पायपुसणे आहे. कोणत्या पृष्ठभागावर लघवी करायची याची आवड पिल्लांमध्ये साधारण नवव्या आठवड्याच्या सुमारास घडू लागते आणि एकदा घडली की ती सहजासहजी बदलत नाही. म्हणून ते पायपुसणे आजच उचलावे, नुसते धुऊन परत ठेवू नये. फरशी आणि कपाटाखालची जागा एन्झाइम असलेल्या द्रावणाने पुसावी. अमोनिया असलेले फरशी पुसायचे द्रव मात्र टाळावे, कारण लघवीतही अमोनियाचा वास असतोच आणि आपण स्वच्छ केलेली जागा त्याला खुणेसारखी वाटू लागते.

दुसरी गोष्ट, तो आवाज करत नाही असे तुम्ही म्हणता, पण बंद दारापलीकडून तुम्हाला नेमके काय ऐकू येणार? कुंकूं करण्याच्या आधी पिल्लू बरेच काही करते. प्रथम मान उचलते, मग अंग झाडते आणि त्याबरोबर गळ्यातला पट्टा वाजतो, उभे राहून एक-दोन गिरक्या घेते, नाक जमिनीला लावून हुंगत फिरू लागते. हे सगळे मिनिटभरात होते आणि त्याच मिनिटात तुम्ही उठायला हवे. त्यासाठी त्याचा पिंजरा तुमच्या पलंगाशेजारी, हात पोहोचेल इतक्या अंतरावर असला पाहिजे. पुढे त्याने दिवाणखान्यातच झोपावे असे वाटत असेल, तर रात्रीची सवय पक्की झाल्यावर पिंजरा थोडा थोडा सरकवत बाहेर नेता येतो.

पिंजऱ्याच्या आत आडवी जाळी लावून जागा कमी करावी. मोठ्या पिंजऱ्यांबरोबर अशी जाळी बहुधा मिळते, नसल्यास वेगळी मिळते. मान न वाकवता उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून कुशीवर झोपता येईल, एवढीच जागा ठेवावी. ग्रेट डेनच्या बाबतीत ही जाळी सतत मागे सरकवावी लागते, कारण आज पुरणारी जागा थोड्याच दिवसांत अपुरी पडते आणि अडचणीत कोंबलेले पिल्लू नाइलाजाने तिथेच ओले करते. ही सवय एकदा जडली की उपजत ओढ निकामी होते आणि मग फार कष्ट पडतात.

गजराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लावावा. तो साधारण तीनला उठतो हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा गजर अडीचचा लावा आणि त्याने उठायच्या आत त्याला बाहेर न्या. काही रात्री घरात काहीच झाले नाही, की गजर पंधरा मिनिटे पुढे न्या, आणि तेही जमले की आणखी पंधरा. घाई करू नका; एखाद्या रात्री चुकले, तर एक पायरी मागे या. असे करत गजर पहाटेला जाऊन भिडतो. बाहेर नेताना मोठा दिवा लावू नये, बोलू नये. पट्टा लावून रोजच्या ठरलेल्या जागी उभे राहावे, एकच ठरावीक शब्द हळू उच्चारावा, काम झाले की तिथल्या तिथे हलकेच थोपटावे आणि परत यावे. रात्रीची ही फेरी त्याला कंटाळवाणी वाटली पाहिजे.

शेपूटवाला

पायपुसणे, पिंजरा आणि झोपायची जागा यांबाबत वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, गजराबाबत मात्र नाही. गाढ झोपलेल्या पिल्लाला रोज ठरावीक वेळी उठवले की त्याचे शरीर त्या वेळेला जागे व्हायला शिकते, आणि मूत्राशय भरल्याची जाणीव झाली की माणसाला उठवायचे, हा जो खरा धडा आहे तो राहून जातो. आमच्या जर्मन शेफर्ड मादीला आम्ही गजर न लावता वाढवले. तिची जागा पलंगाला खेटून होती. सुरुवातीला ती नुसती उठून बसायची आणि आम्ही तेवढ्यानेही उठायचो. हळूहळू तिच्या लक्षात आले की उठून बसल्यावर ही माणसे हलतात, आणि मग ती पलंगाच्या कडेवर नाक टेकवून फुसकारे टाकू लागली. तो फुसकारा आजतागायत चालू आहे. पोट बिघडले असेल, तर ती त्यानेच सांगते.

अर्थात याला एक अट आहे. झोप सावध असली पाहिजे. ज्याला ढोल वाजवूनही जाग येत नाही, त्याने माझे ऐकू नये, सरळ गजर लावावा. भीम सध्या अजिबात इशारा देत नाही हे पाहता, पहिले काही आठवडे गजर आणि नंतर इशारा, असा मधला मार्गही काढता येईल.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती संध्याकाळ. रात्रीचे बरेचसे गणित आठ ते अकराच्या दरम्यान बिघडते. पिल्लू आठ वाजता दमून झोपले आणि अकराला आपण त्याला उठवून खाली नेले, तर त्याची अर्धी झोप तिथेच झालेली असते आणि उरलेली रात्र त्याला लांब वाटते. शेवटच्या फेरीआधीचा तासभर त्याला जागे ठेवावे, पण धुडगूस नको. चघळायला काहीतरी द्यावे, हुंगून शोधायचा एखादा खेळ खेळावा. शेवटच्या फेरीत आणखी एक गोष्ट पाहावी. मोठ्या जातींची पिल्ले, त्यातही नर, बाहेर एका दमात मूत्राशय रिकामे करत नाहीत. थोडी लघवी झाली की कुठे पान हलले, कुठे वास आला, लक्ष उडते, आणि आपण समजतो की झाले. तिथेच पाच-सात मिनिटे सावकाश फिरवल्यावर तो दुसऱ्यांदा करतो, आणि ती दुसरी वेळ पदरात पडली की रात्र बऱ्याच अंशी सुकर होते.

आणि कृपया, सकाळी ओले दिसले म्हणून त्याला तिथे ओढत नेऊन नाक घासणे, ओरडणे असे कोणी सुचवले, तर ते मुळीच ऐकू नका. काही तासांपूर्वीच्या गोष्टीचा आणि आत्ताच्या रागाचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढेच समजते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग तो पट्टा लावून बाहेर नेल्यावरही तुमच्यादेखत करेनासा होतो.

कडुनिंब

मी पशुवैद्यक आहे. भीमला न तपासता निदान करणे योग्य नाही, तरी काही सर्वसाधारण गोष्टी लिहितो.

संध्याकाळी सहापासून पाणी बंद करू नये. झपाट्याने वाढणाऱ्या आणि कोरडे खाद्य खाणाऱ्या पिल्लाचे पाणी पाच-सहा तास तोडणे चुकीचे आहे; शिवाय सकाळी भांडे दिसताच ते अधाशासारखे पिते आणि वेळापत्रक आणखी विस्कटते. शेवटच्या फेरीच्या साधारण दीड तास आधी भांडे उचलले तर चालते. उकाडा असेल किंवा पिल्लू धापा टाकत असेल, तर तेही करू नये. दिवसभरात तो किती पाणी पितो, हे मात्र एकदा मोजून पाहा. प्रौढ कुत्रा दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो, पिल्ले त्याहून काहीशी जास्त पितात. पण आकडा सतत १०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे २० किलोच्या पिल्लाच्या बाबतीत दोन लिटरच्या वर जात असेल, तर रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. मोजताना एक भान ठेवा: ग्रेट डेनच्या सैल ओठांतून बरेच पाणी फरशीवर गळते, तेव्हा भांड्यातून कमी झालेले सगळे पाणी पोटात गेले असे धरू नये. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना स्वच्छ डबीत धरून आणला तर ती किती घट्ट आहे हे तपासता येते आणि मूत्रपिंडे नीट काम करत आहेत की नाहीत याचा पहिला अंदाज त्यावरूनच येतो.

थोडी थोडी पण वारंवार लघवी होणे, कुंथणे, लघवीला लालसर रंग येणे, पिल्लाने ती जागा सारखी चाटणे, ही लक्षणे दिसली तर संसर्गाची शक्यता असते आणि अशा वेळी सवय लावण्याचे कोणतेही तंत्र उपयोगी पडत नाही. झोपेत नकळत अंथरूण ओले होणे हा प्रकार आणखी वेगळा. काही पिल्लांमध्ये मूत्रपिंडाकडून येणारी नलिका जन्मतःच मूत्राशयाऐवजी पुढे भलत्या ठिकाणी उघडते, त्यामुळे लघवी थेंब थेंब गळत राहते. हे प्रामुख्याने माद्यांमध्ये आणि गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडॉर, न्यूफाउंडलंड, हस्की अशा जातींमध्ये दिसते. भीम उठून चालत दारापर्यंत जातो, एकदाच भरपूर करतो आणि दिवसा व्यवस्थित राहतो, म्हणून त्याच्या बाबतीत मला हे संभवत नाही. रात्री पातळ शौचही होऊ लागले, तर जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) यांसाठी शौचाची तपासणी करून घ्यावी.

रात्र सोपी जावी म्हणून दिवसाचे सगळे खाणे एकाच वेळी सकाळी उरकून टाकण्याची कल्पना कोणी मांडली, तर ग्रेट डेनच्या बाबतीत ती विशेष घातक आहे. पोट फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा धोका या जातीत सर्वांत जास्त आढळतो आणि एकाच वेळी भरपेट खाऊ घालण्याने तो वाढतो. खाणे तीन वेळांत विभागावे, शेवटचे जेवण झोपण्याच्या तीन-चार तास आधी द्यावे, आणि जेवणानंतर धावपळ नको.

आता जिना. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्राडॉर, लेऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा मागोवा घेणारा एक अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत जिन्याची चढ-उतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या सांध्याच्या विकाराचा धोका जास्त आढळला, आणि याच काळात मऊ, चढउताराच्या जमिनीवर मोकळे फिरलेल्या पिल्लांमध्ये तो कमी आढळला. भीमने तीन महिने ओलांडले आहेत. तेव्हा जिना अजिबात वर्ज्य आहे असे नाही, पण सावकाश, पट्टा आखूड धरून, एकेक पायरी, असेच न्यावे. मला जास्त भीती वाटते ती घसरण्याची. झोपेतून उठवल्या उठवल्या त्याला जिन्यात नेऊ नका. दारात मिनिटभर उभे करा, अंग ताणू द्या, जिन्यातला दिवा लावा, आणि पायऱ्या गुळगुळीत असतील तर छातीपट्ट्याला हात घालून आधार द्या. उचलायचेच असेल, तर दोघांनी उचलावे, एकाने छातीखाली आणि दुसऱ्याने मांड्यांखाली हात घालून. पुढचे दोन पाय धरून उचलण्याची जी पद्धत अनेक घरांत दिसते, ती खांद्याच्या सांध्यांसाठी वाईट आहे.

रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. पायपुसणे काढले, पिंजरा आमच्या खोलीत आणला आणि आत जाळी बसवली. पाणी मोजले, ते मर्यादेत आहे, पण त्यातला मोठा वाटा रात्री नऊच्या सुमारास, खेळ संपल्यावर, एकदमच पोटात जातो. इशारा मिळतो का हे पाहत मी पहिली रात्र जवळजवळ जागाच होतो. तो उठला, अंग झाडले आणि जाळीला नाक लावून माझ्याकडे पाहत उभा राहिला. आवाज खरोखरच काही केला नाही. सध्या गजर लावतो आहोत आणि तो पुढे सरकतो आहे.

दोन शंका राहिल्या. खालून परत आल्यावर तो टक्क जागा होतो आणि खेळायला मागतो, याचे काय करावे? आणि रात्रीपुरती बाल्कनीत सोय केली, तर जिन्याचा प्रश्नच मिटेल असे घरच्यांना वाटते. शोषक कागद अंथरून पाहावे का?

मोठी_पावले

नऊला एकदम पाणी पोटात जाते आहे, ते आधी सुधारा. दांडगाईचा खेळ साडेसहा-सातच्या आत आटोपला, तर तहान त्यानंतर लगेच भागते आणि ते पाणी शेवटच्या फेरीपर्यंत निघूनही जाते.

परत आल्यावर खेळायला मागतो, याचे कारण बहुधा जिना. दोन मजले उतरून चढल्यावर कोणालाही जाग येईल. त्याला सरळ पिंजऱ्यात घाला, दार लावा, तुम्ही पाठ करून पडा. थोडा वेळ कुरकुर करेल. लघवी नुकतीच झालेली आहे हे तुम्हाला पक्के माहीत असल्याने या वेळच्या कुरकुरीकडे निःशंकपणे दुर्लक्ष करता येते. तीनच्या आधीच्या कुरकुरीकडे तसे करता येत नाही. एकदा जरी खेळलात, तरी तो रोज मागेल.

बाल्कनीतल्या कागदाला माझा विरोध आहे. या आकाराच्या पिल्लाची लघवी कागदात मावत नाही, ती कडेने वाहते, आणि मऊ, सपाट, घरातल्या वस्तूवर करायचे हेच त्याच्या मनात पुन्हा ठसते. मग गालिचा आणि अंथरलेली चादर यांत तो फरक करेलच असे नाही. सोय करायचीच असेल, तर खोल, कडा उंच असलेल्या मोठ्या ट्रेमध्ये खरी हिरवळ लावून ती ठेवा, म्हणजे पायाला लागणारा स्पर्श खालच्या जमिनीसारखाच राहील, आणि तिथेही पट्टा लावून, तोच शब्द उच्चारून न्या. मात्र पूर्ण वाढलेला ग्रेट डेन त्या ट्रेमध्ये नुसता उभासुद्धा राहू शकणार नाही, आणि मोठा झाल्यावर बाल्कनीत करू नको हे त्याला नव्याने शिकवावे लागेल. आजारपणात किंवा मुसळधार पावसात हाताशी असावी म्हणून ती सोय ठीक आहे. गजर जर खरोखरच पुढे सरकत असेल, तर मी तुमच्या जागी ट्रेच्या भानगडीत पडणार नाही.

कडुनिंब

एक पुरवणी. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात आणि सहाव्या महिन्यानंतर नर पिल्लू वयात येऊ लागते. या काळात जमलेली घडी मधूनच विस्कटू शकते. पाय वर करून भिंतीवर थोडीशी लघवी करणे म्हणजे खुणा करणे, त्याचा मूत्राशय भरण्याशी संबंध नाही आणि त्यावर रात्रीचा गजर हा उपाय नाही. मात्र आठवडेच्या आठवडे नीट गेल्यावर अचानक रात्री पुन्हा भरपूर लघवी होऊ लागली आणि पाणी पिणेही वाढले, तर सवयीला दोष न देता आधी नमुना घेऊन या.